उद्याची हर्डल्सवाली कुठून येणार?

बाईचं आयुष्य म्हणजे अडथळ्यांची शर्यत, हे वाक्य आपल्या शिबिरांत, भाषणांत, पोस्टरांवर इतक्यांदा आलंय की ते आता कानावर पडलं तरी आत पोचत नाही. मला ते वाक्य पटतही नाही. खरी अडथळ्यांची शर्यत जिनं बघितली आहे तिला हे लगेच कळेल. बायकांच्या १०० मीटर हर्डल्समध्ये दहा अडथळे असतात. प्रत्येकाची उंची ८३.८ सेंटिमीटर. पहिला १३ मीटरवर, मग दर साडेआठ मीटरला एक, आणि शेवटच्या अडथळ्यापासून रेषेपर्यंत साडेदहा मीटर. आठही पट्ट्यांत हे माप एकच. अडथळा कुठं येणार ते आधीच माहीत असतं आणि शर्यत चालू असताना कुणी येऊन त्याची उंची वाढवत नाही. पाय लागून तो पडला तरी मुद्दाम पाडला नसेल तर बाद करत नाहीत. असं आयुष्य सेनगाव तालुक्यातल्या किती बायकांच्या वाट्याला येतं? म्हणून उपमा बाजूला ठेवून या वेळी शर्यतीबद्दलच बोलू या.

अमेरिकेत दर चार वर्षांनी खेळाच्या शौकिनांचा एक आवडता उद्योग चालतो. आपल्या हर्डल्समधल्या पुढच्या पिढीत कोण चमकणार याचं भाकीत करायचं. शाळेतल्या मुलींच्या वेळा बघायच्या, कॉलेजातल्या बघायच्या, कोण कोणत्या प्रशिक्षकाकडे गेली ते बघायचं आणि याद्या करायच्या. या याद्या किती टिकतात ते बघण्यासारखं आहे. २०१६ साली केनी हॅरिसन ही जगातली सगळ्यात वेगवान हर्डलर होती. अमेरिकेच्या निवड चाचणीत पहिल्या तिघींनाच ऑलिम्पिकला जाता येतं. ती सहावी आली आणि घरी राहिली. त्याच जुलैत लंडनला ती १२.२० सेकंदांत धावली आणि बल्गेरियाच्या योर्दांका दोन्कोवाचा १९८८ पासूनचा १२.२१ चा जागतिक विक्रम तिनं मोडला. रिओला मात्र तिच्याविना तिन्ही पदकं अमेरिकेच्याच पोरींनी नेली : ब्रायाना रोलिन्स, निया अली, क्रिस्टी कॅसलिन. पॅरिसला २०२४ मध्ये मसाई रसेलनं १२.३३ सेकंदांत सुवर्ण घेतलं, २०२५ मध्ये ती १२.१७ पर्यंत पोचली. आता हिला कोण अडवणार असं वाटत असतानाच टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ती पदकाबाहेर राहिली. जिंकली स्वित्झर्लंडची दिताजी कांबुंजी. अमेरिकेला कांस्य मिळालं ते ग्रेस स्टार्क नावाच्या दुसऱ्याच मुलीकडून. गेल डीव्हर्स तर तीनदा हर्डल्समध्ये जगज्जेती झाली आणि ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीत तिला एकही पदक नाही. १९९२ ला बार्सिलोनात ती पुढं होती, शेवटच्या अडथळ्याला पाय लागला आणि ती जवळजवळ रांगत रेषेपलीकडे गेली.

म्हणजे कोणती मुलगी, हे भाकीत तिथंही चुकतं. पण कोणत्या देशाच्या मुली, हे भाकीत सहसा चुकत नाही. नावं बदलत राहतात, रांग संपत नाही. या रांगेचं गुपित पायांच्या लांबीत नाही. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, इतकाच त्याचा आशय. मूळ वाक्यात खेळाचा शब्दही नाही. पण बायकांनी आणि त्यांच्या वकिलांनी तो मैदानापर्यंत ओढत नेला. मुलांच्या संघाला बूट, बस, प्रशिक्षक, तर मुलींनाही द्या. कायद्याच्या आधी माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली सगळ्या देशात तीन लाखांच्या आत होत्या. आज त्या तीस लाखांच्या पुढं आहेत. तीस लाखांतून तिघी निवडायच्या असतील तर एखादी हॅरिसन घरी राहिली तरी काही अडत नाही. (हा कायदा फुकट मिळाला नाही आणि तो मोडायचे प्रयत्नही झाले, हे इथंच सांगून ठेवते.)

रिओत रौप्य मिळवलेल्या निया अलीचा एक फोटो खूप गाजला. विजयाची फेरी मारताना तिच्या हातात तिचा सव्वा वर्षाचा मुलगा होता. पुढं दुसरं बाळंतपण झाल्यावर २०१९ मध्ये दोह्याला ती जगज्जेती झाली. आपल्याकडे लग्न झालं की बूट खुंटीला. बाळंतपणानंतर तर कुणी विचारतही नाही.

आता जरा मागं जाऊ. पुरुषांची हर्डल्सची शर्यत १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून आहे. बायकांना १९३२ मध्ये परवानगी मिळाली आणि तीही ८० मीटरची. शंभर मीटर व्हायला १९७२ उजाडलं. चारशे मीटर हर्डल्स बायकांसाठी आली १९८४ मध्ये. तीन हजार मीटर स्टीपलचेस, ज्यात अडथळे आणि पाण्याचा खड्डाही असतो, ती बायकांना मिळाली २००८ मध्ये. प्रत्येक वेळी कारण एकच होतं : बाईच्या शरीराला झेपणार नाही. हे ठरवणाऱ्यांत बाई किती होत्या, ते तुम्हीच ओळखा.

आणि बघा, दार उघडलं त्या दिवशी काय झालं. १९८४, लॉस एंजेलिस, बायकांची पहिलीच ऑलिम्पिक चारशे मीटर हर्डल्स. सुवर्ण मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्कील हिनं जिंकलं. चौथी आली आपली पी. टी. उषा. तिची वेळ ५५.४२ सेकंद. तिसरीची ५५.४१. शर्यत नवी होती, कुणाच्याच मागं परंपरेची रांग नव्हती, म्हणून मोरोक्कोची आणि पय्योळीची मुलगी अमेरिकेच्या बरोबरीनं उभी राहू शकली. स्टीपलचेसचंही तेच. दार उघडल्यावर आठ वर्षांत, रिओला, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अंतिम फेरीत होती. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. प्राथमिक फेरीत ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली. तो राष्ट्रीय विक्रम होता आणि मोडायला २०२३ साल उजाडावं लागलं. सुरुवात तिनं केली होती खो-खोनं.

इथं जरा थांबून मी आपल्या राज्याकडे बघते. पुरुषांच्या ११० मीटर हर्डल्सचा राष्ट्रीय विक्रम दहा वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्रात आहे. आधी मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाकडे होता, १३.४८ सेकंद, २०१७ चा. तो २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेनं १३.४१ ला आणला. स्टीपलचेसमधला पुरुषांचा विक्रम बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा. दोघंही मराठवाड्यातले. आणि बायकांच्या हर्डल्समधली नावं बघा. उषा आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण मिळवणारी एम. डी. वल्सम्मा केरळच्या. अनुराधा बिस्वाल ओडिशाची. ज्योती याराजी विशाखापट्टणमची. विद्या रामराज तमिळनाडूची, जिनं २०२३ मध्ये उषाच्या ५५.४२ ची बरोबरी केली. माती मराठवाड्याची, पाणीटंचाई मराठवाड्याची, ज्वारीची भाकरी मराठवाड्याची, त्यावर मुलगा विक्रम करतो. मग त्याच मातीतली मुलगी कुठं गेली?

ती कुठं जाते हे मला पुसेगावात दिसतं. हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. साताऱ्याकडचं सेवागिरी महाराजांचं पुसेगाव वेगळं. नाव सांगितलं की लोक तिकडचंच समजतात, आणि ललिताचं मोही त्या पुसेगावापासून फार लांब नाही, हा योगायोग मला उगाच टोचतो. आमचा जिल्हाच मुळी १९९९ साली परभणीतून निघाला. सोयाबीन, हळद, कापूस, आणि पाऊस रुसला की ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी बिऱ्हाडं. आई-बाप गेले की घर सांभाळायला मागं कोण राहतं? सातवी-आठवीतली मुलगी.

पण पळायला आमच्या मुली कमी नाहीत. शाळेच्या मैदानावर खो-खो रंगला की बघत राहावं. पाटीवरून उठून चार पावलांत पूर्ण वेग, खांबाला वळसा, सूर, हुलकावणी. मराठवाड्याचा खो-खो काही आजचा नाही. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला आणि कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळ बीड जिल्ह्यातली. तर मग खो-खोत मुलगी दिसते आणि ट्रॅकवर का दिसत नाही? मला याचं उत्तर खेळात सापडत नाही, घरात सापडतं. खो-खोला मुली घोळक्यानं जातात. एका गावच्या दहा-बाराजणी, बरोबर सर नाहीतर बाई. आई-बापाला धीर असतो की पोरगी एकटी नाही. हर्डल्सवाली एकटी असते. तिला एकटीला तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग बालेवाडीला जावं लागतं. पुसेगावाहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. मुलाला बाप म्हणतो, जा, काही तरी करून ये. मुलीला म्हणतो, कुणाबरोबर जाणार?

आणि खो-खोला काही लागत नाही. दोन खांब, थोडी जागा, अनवाणी पाय. हर्डल्सला अडथळे लागतात. शालेय स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत ही शर्यत छापलेली असते. पण गावच्या शाळेत अडथळाच नसेल तर मुलगी ती शर्यत पहिल्यांदा बघते ती थेट स्पर्धेत. मग पीटीचे सर म्हणतात, आपल्या मुलींचा तो प्रकार नाही. पुरुषांना हर्डल्स जमतं आणि मुलींना नाही, असं का वाटतं यांना? मुलींचा अडथळा मुलांच्यापेक्षा २३ सेंटिमीटरनं बुटका असतो. तो उडी मारून ओलांडायचाही नसतो, पळत पळत त्याच्यावरून जायचं असतं. दोन अडथळ्यांच्या मध्ये तीन पावलं, मग अडथळा, पुन्हा तीन पावलं. ही लय आहे. भोंडल्यात, फुगडीत, झिम्म्यात पाय आपटत वाढलेल्या पोरींना लय शिकवायची म्हणजे काय?

अडचण पुढं आहे आणि ती वयाची आहे. हर्डल्समध्ये मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी तयारीला लागते आणि बाविशी-पंचविशीत किंवा त्याहून उशिरा पिकते. मसाई रसेलला सुवर्ण मिळालं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आमच्याकडे याच दहा वर्षांत मुलीचं सगळं उरकून टाकायची घाई असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होत्या. आमच्या शेजारच्या परभणीत ४८ टक्के. हिंगोलीचा आकडाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे. निम्म्या मुली शर्यतीच्या पहिल्या अडथळ्याआधीच मैदानाबाहेर काढल्या, तर उरलेल्यांतून काय निवडणार? लग्न झालं नाही तरी पाळी आली की चड्डी घालून पळायचं बंद होतं. ओढणी पिन करून, सलवार सावरत किती पळणार? मैदानाजवळ संडास नसतो, म्हणून पाळीच्या दिवसांत मुली सरावालाच काय, शाळेलाही येत नाहीत. आणि रक्त. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अमेरिकेतला जाणकार मुलीच्या वेळा बघून भाकीत करतो. मी पुसेगावच्या मुलीचं भाकीत तिच्या ताटावरून आणि तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न कितव्या वर्षी झालं त्यावरून करते. माझं भाकीत बहुतेक वेळा खरं होतं, आणि त्याचाच मला राग येतो.

ज्योती याराजीकडे बघा. वडील सुरक्षारक्षक, आई घरकाम आणि इस्पितळात साफसफाई करणारी. तिच्यावर पैज लावावी असं त्या घरात काय होतं? शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला तिची उंची दिसली, एवढंच. अनुराधा बिस्वालचा २००२ मधला १३.३८ चा विक्रम वीस वर्षं कुणी हलवू शकलं नव्हतं. ज्योतीनं एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडला १३.०९ वेळ दिली, पण वारा पाठीमागून सेकंदाला २.१ मीटर होता, नियम २.० चा, म्हणून विक्रम धरला नाही. महिनाभरात सायप्रसला तिनं तो मोडलाच, १३.२३. पुढच्या वर्षी बँकॉकला आशियाई विजेती, मग १२.७८, मग पॅरिसला या शर्यतीत उतरलेली पहिली भारतीय बाई. २०२५ मध्ये गुमीला पुन्हा आशियाई सुवर्ण, १२.९६. त्यानंतर गुडघा दुखावला. वीस वर्षं देशात हर्डल्सची मुलगी जन्मलीच नाही असं नव्हे. उंची दिसणारी नजर आणि त्या नजरेनंतरची दहा वर्षं एकाच मुलीला मिळायला वीस वर्षं लागली.

शरीराबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या मासिकात यायलाच हवी. स्पेनची मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो ही हर्डलरच होती. १९८५ मध्ये कोबेच्या विद्यापीठ स्पर्धेत तिची गुणसूत्रं तपासली आणि ती बाई नाही असं ठरवलं. पुढं ते वर्तमानपत्रांत फुटलं. शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं, जुने निकाल पुसले. तिचं शरीर पुरुषी संप्रेरकाला दादच देत नव्हतं, म्हणजे तिला त्याचा काडीचा फायदा नव्हता. १९८८ मध्ये तिला परत घेतलं, तोवर उमेदीची वर्षं गेली होती. आता सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं बायकांच्या गटात खेळणाऱ्यांसाठी एक जनुक चाचणी पुन्हा सक्तीची केली आहे. त्यावर मतं वेगळी असू शकतात, आपल्यातही आहेत. मला एवढंच विचारायचंय की गावाकडच्या एखाद्या मुलीची ही चाचणी उलटी आली, तर तिला ते कोण सांगणार, कुठल्या भाषेत, आणि गावात ते फुटणार नाही याची हमी कोण देणार? दुती चंदला २०१४ मध्ये काय सोसावं लागलं ते आपण पाहिलंय.

आपल्याच काही मैत्रिणी म्हणतील, एखाद्या मुलीनं पदक आणल्यानं बाकीच्यांचं काय भलं होणार? हुंडा थांबतो का, मार थांबतो का? प्रश्न रास्त आहे. पदक आलं की पुढारी फोटोला येतात, हेही खरं. पण मी पदकाची बाजू मांडतच नाहीये. तीस लाखांच्या रांगेतल्या एकोणतीस लाख नव्व्याण्णव हजार मुलींना कधीच पदक मिळत नाही. त्या नुसत्या पळतात. सोळाव्या वर्षी संध्याकाळी सहा वाजता उघड्या मैदानावर चड्डी घालून पळतात, आणि कुणी त्यांना विचारत नाही की घरी जायचं नाही का. एवढ्यासाठी मी भांडेन. ज्या मुलीचं राज्य स्पर्धेत नाव आहे तिचं लग्न ठरवायला बापही दोन वर्षं थांबतो, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. पंचवीस गुण मिळतील, पाच टक्क्यांच्या राखीव जागेतून नोकरी लागेल, हा त्याचा हिशेब असतो. असू दे. दोन वर्षं मिळतात ना. कायद्यानं जे झालं नाही ते एका प्रमाणपत्रानं होत असेल तर ते प्रमाणपत्र आपण हातचं का घालवायचं?

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत, २०३६ चं ऑलिम्पिक मागण्याची तयारी चालू आहे. मोठी मैदानं बांधली जातील, कोट्यवधी खर्च होतील. आज पाचवीत असलेली पुसेगावची मुलगी २०३६ मध्ये विशीत असेल, म्हणजे अगदी वयात. तिच्या वाट्याला त्यातलं काय येणार? तिला स्टेडियम नकोच आहे. प्लास्टिकच्या नळीचे दहा अडथळे गावातला नळ बसवणारासुद्धा करून देईल, उंची कमी-जास्त करता येतील असे, पाय लागला तर पडतील असे. मैदानाजवळ पाण्याचा नळ आणि कडी लागणारा संडास. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतो, तिथं गावातलीच एखादी खो-खो खेळलेली सून मानधनावर घ्यावी. अशा सुना प्रत्येक गावात आहेत, चुलीपुढं बसल्या आहेत. आणि एक वही. पाचवीपासून प्रत्येक मुलीची तीस मीटरची वेळ आणि उभ्यानं मारलेल्या लांब उडीचं माप वर्षातून दोनदा त्या वहीत लिहायचं, आणि जी मुलगी पुढच्या वेळी गैरहजर असेल तिच्या नावापुढं कारण लिहायचं. मला त्या कारणांचा रकाना वाचायचाय.

सगळ्यात आधी बसचं बघायला हवं. मुलींना शाळेत आणायला-सोडायला बस मिळाली हे फार मोठं काम झालं, तिच्यामुळं आठवीनंतर शाळा सुटायच्या त्या कितीतरी मुली दहावीपर्यंत गेल्या. पण बस शाळा सुटली की लगेच निघते, आणि आसपासच्या गावांच्या ज्या मुली तिच्यावर अवलंबून आहेत त्यांचा सराव तिथंच संपतो. मुलं सायकलवर, कुणाच्या मोटारसायकलवर मागाहून जातात. मुली तशा जाऊ शकत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस बस दीड तास उशिरा सोडावी असा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर आयांच्या सह्या हव्यात, बापांच्या नंतर घेऊ. आतापर्यंत सही करणाऱ्यांत जास्त त्या आहेत ज्यांचं स्वतःचं लग्न नववीत असताना झालं.